गिरणीच्या इंजिनाची ऑईल गळती : प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

दुपारी लाईट गेली म्हणून इंजिन लावलं आणि पंधराव्या मिनिटाला पट्टा सरकायला लागला. दळण नाचणीचं, तेही पायलीभर. एवढ्या भाराला पट्टा सरकायचं काही कारण नव्हतं. बंद करून वाकून बघितलं तर पुलीकडच्या चाकामागून ऑईल आलेलं. चाकानं ते फेकत फेकत भिंतीवर उभी काळी रेघ ओढलीय, पार वाशापर्यंत. पट्ट्याची आतली बाजू हाताला बुळबुळीत लागते.

पट्टा पुसला, राळेची पूड मारली, कसंबसं दळण संपवलं. राळेवर फार दिवस निभायचं नाही. तेलावर राळ पडली की तिचा चिकटा होतो आणि तो पुलीवर थर धरून बसतो.

इंजिनाची ओळख इथेच लिहून ठेवतो, पुढे हिशेबाला लागेल. एक सिलिंडर, उभं, आठ एचपी, मिनिटाला ८५० फेरे. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ११४.३ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १३९.७. दोन अंगांना दोन भली मोठी चाकं, थंड करायला पाण्याचं पिंप. मूळ घडण इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीची, १९३०च्या सुमाराची. आमचं मात्र राजकोटात ओतलेलं, माझ्या जन्माआधी आजोबांनी आणलेलं. आजोबा सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा टांगायचे. त्याची पुक पुक ऐकली की खालच्या वाडीतल्या बायका दळणं घेऊन निघायच्या. आता रोजचं काम मोटरवर होतं, इंजिन फक्त लाईट नसताना. पण आमच्या लांजा तालुक्यात पावसाळ्यात वायरीवर फांदी पडली की ‘लाईट नसताना’ म्हणजे कधीकधी दोन दिवस.

गणपती २७ तारखेला. त्याआधीचा आठवडा म्हणजे मोदकांच्या पिठीचा. म्हणजे हातात अडीच आठवडे आहेत.

४ ऑगस्ट, सोमवार

आज फक्त धुणं. गळती शोधायची तर आधी जुना मळ जायला हवा, नाहीतर सगळंच गळतंय असं दिसतं. ब्रश आणि डिझेलनं चाकामागचा भाग, बेअरिंगचं घर, खालचा पाया खरवडून काढला, मग साबणाचं पाणी, मग कोरड्या चिंध्या. पीठ आणि ऑईल मिळून जो थर झाला होता तो पत्र्याच्या तुकड्यानं सोलून काढावा लागला. ओल्या चामड्यासारखा.

आता कोरड्या जागेवर पांढरी पूड मारायची म्हणजे ऑईल कुठून निघतं ते काळ्या रेघेत दिसतं. बाबा म्हणाले, “रांगोळी आहे की घरात.” रांगोळी म्हणजे दगडाची पूड, बेअरिंगच्या तोंडाशी ती नेणं म्हणजे स्वतःच्या हातानं पॉलिश पेपर लावणं. आईची टाल्कम पावडर आणली. इंजिनाला चंदनाचा वास.

दहा मिनिटं रिकामं चालवलं. बेअरिंगच्या घराचा पायाशी जो जोड आहे तो कोरडा. ऑईल येतंय ते थेट शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथून, चाकाच्या तुंब्याच्या मागून. दुसरी गोष्ट, क्रँककेसच्या (पिस्टनखालची बंद पेटी, तिच्यातच शाफ्ट फिरतो आणि तळात ऑईल असतं) बाजूच्या झाकणाखालीही पावडर ओली झालेली दिसली. थेंब नाही, नुसती ओल. तेव्हा तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

किती गळतं ते मोजलं. खाली ताट ठेवलं, भिंतीच्या अंगाला पुठ्ठा उभा केला म्हणजे फेकलेलं ऑईल त्यावरून ताटात उतरेल. चाळीस मिनिटं चालवलं, नंतर खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजलं. नऊ मिली, पुठ्ठ्यानं प्यायलं ते वेगळं. म्हणजे तासाला पंधराच्या आसपास. तळात तीन लिटरला जरा जास्त ऑईल मावतं, तेव्हा या वेगानं ते रिकामं व्हायला दोनशे तास लागतील. लोक म्हणतील, एवढ्यासाठी काय! पंपाचं इंजिन असतं तर मीही खाली एक डबा ठेवून गप्प बसलो असतो. इथे पट्टा आहे, आणि दोन हातांवर लोकांच्या तोंडी जाणारं पीठ आहे.

ऑईलची पातळी बरोबर आहे, खुणेच्या वर नाही. जास्त भरलेलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. डिझेल पंप झिजला की डिझेल खाली तळात उतरतं, ऑईल पातळ होतं आणि मग कुठूनही निघतं, म्हणून तेही बघितलं. टिपकागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवला. डिझेल असेल तर डागाभोवती फिकं, रुंद कडं पसरतं. तसं काही नाही. वासही नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा. ताई येऊन गेली, तिच्या मागोमाग मिस्त्री आले. म्हातारे, पण हात अजून घट्ट. चाकामागे बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाले, “सील गेलं. चाक उतरवायला लागणार.”

चाक उतरवणं म्हणजे काय ते मी दोन वर्षांपूर्वी बघितलंय. चाक शाफ्टवर एका पाचरीनं जखडलेलं असतं, पाचरीला बाहेर एक मुंडी. ती मुंडी आणि चाक यांच्यामध्ये दुसरी पाचर मारत मारत तिला मागे खेचायचं. वर्षानुवर्षांचा गंज असला तर मुंडी तुटते, आणि मग भोक मारून उरलेली पाचर काढत बसा. त्यावर ते चाक एकट्या माणसाला हलत नाही. तेव्हा चार माणसं आणि एक अख्खा दिवस गेला होता, आणि बाबांच्या करंगळीचं नख.

मी मिस्त्रींना म्हटलं, “काका, हेच सील दोन वर्षांपूर्वी नवं घातलं होतं. त्यानंतर इंजिन पुरतं तीनशे तासही चाललेलं नाही.”

“मग माल हलका होता.”

असेलही. पण नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड पट्टीचं सील, त्याच्या आत ऑईल मागे फेकणारी कडी; यात हलकं पडायला आहे काय? शाफ्टला हलवून बघितलं, खेळ जाणवत नाही. मिस्त्रींना पुढच्या शनिवारी या म्हणून सांगितलं. तोपर्यंत मला एक गोष्ट तपासायची आहे.

१० ऑगस्ट, रविवार

रात्री झोप येईना, तेव्हा हिशेब केला. बोअर आणि स्ट्रोक गुणले तर एका फेऱ्यात पिस्टन १४३३ घन सेंटीमीटर जागा खातो. जवळजवळ दीड लिटर. पिस्टन वर असताना ही जागा त्याच्या खाली, क्रँककेसमध्ये असते. पिस्टन खाली येतो तेव्हा तिथली तेवढी हवा कुठेतरी गेली पाहिजे. सेकंदाला चौदा वेळा.

ती जाण्यासाठीच या इंजिनाला ब्रीदर असतो. बाजूच्या झाकणावर एक डबी, आत पातळ पत्र्याची सुटी चकती. पिस्टन खाली आला की चकती उचलली जाते, हवा बाहेर. पिस्टन वर गेला की चकती पडते, बाहेरची हवा आत येत नाही. असं चालू राहिलं की क्रँककेसमध्ये बाहेरच्यापेक्षा थोडी कमी हवा राहते. मग शाफ्टच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ऑईल आतच राहतं. म्हणजे या इंजिनात ऑईल अडवण्याचं अर्धं काम ती चकतीच करते, नमदा नुसता सोबतीला. चकती अडकली तर उलटं होतं. हवेला जायला वाट नाही, पिस्टनच्या रिंगांवरून थोडा धूर खाली उतरतोच, त्याची भर पडते, आणि मग ती हवा शाफ्टच्या फटीतून ऑईल घेऊन बाहेर पडते.

हे मोजायचं कसं? गवंड्याची लेव्हलची नळी! शेजारच्या घराचं काम चालू आहे, तिथून मागून आणली. जुन्या स्लीपरचं रबर कापून ऑईल भरायच्या भोकाला बसेल असं बूच केलं, त्यात नळीचं एक टोक. बाकीची नळी फळीवर यू आकारात खिळ्यांनी बांधली, त्यात चिमूटभर कुंकू घातलेलं पाणी. आई म्हणाली, “आता इंजिनाची ओटी भरायची ती राहिली.”

पहिल्यांदा पाणी इतकं नाचलं की अर्धं माझ्या अंगावर आलं. प्रत्येक फेऱ्याचा धक्का नळीत येतो. मग नळी कपड्याच्या चिमट्यानं दाबून जवळजवळ बंद केली. धक्के मेले, पाणी संथ झालं आणि सरासरी दिसायला लागली.

बाहेरच्या बाजूचं पाणी चार सेंटीमीटर वर. आत दाब आहे. असायला हवी होती ओढ.

चार सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही, लहान पोर तोंडानं याच्या दसपट फुंकेल. पण ऑईलला तेवढं पुरतं.

रिंगांचाही संशय नको म्हणून बंद इंजिनाचं चाक हातानं कॉम्प्रेशनवर, म्हणजे पिस्टन हवा दाबतो त्या जागी नेलं आणि घड्याळ लावलं. पंचवीस सेकंद धरून राहिलं, मग हळूच उतरलं. या वयाच्या इंजिनाला हे उत्तमच म्हणायचं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ब्रीदर उघडला. हे लिहायला लाज वाटते, पण नोंद म्हणजे नोंद.

डबीच्या तोंडावर मलमलीचं फडकं बांधलेलं होतं, तांब्याच्या तारेनं, नीट दोन वेढे देऊन. ते मीच बांधलंय. दीड वर्षांपूर्वी, गिरणीतलं पीठ इंजिनात जाऊ नये म्हणून. मला वाटलं होतं आपण फिल्टर बसवला. तिथून हवा नुसती बाहेर येते, पीठ आत जायचा प्रश्नच नव्हता. झालं असं की आतून तेलकट वाफ येऊन फडकं भिजलं, बाहेरून उडणारं पीठ त्यावर बसलं, आणि दोन्ही मिळून सरळ सरळ कणीक. ती कणीक आत उतरली आणि चकती तिच्यात रुतून बसली. बोटानं सरकवली तेव्हा ‘चक्’ असा आवाज करून सुटली.

बाबांना दाखवलं. ते बराच वेळ फडक्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “गाठ चांगली मारलीस.”

१३ ऑगस्ट, बुधवार

डबी खोलून डिझेलमध्ये धुतली. चकती काचेवर ठेवली तर एका कडेनं डुलते, आणि एका बाजूला गंजाचे खड्डे. अशी चकती बसली तरी हवा अडवणार नाही. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासून बघितली, डुलणं गेलं पण खड्डे खोल आहेत.

नवी केली. पाच थाऊचा (इंचाचे पाच हजारांश जाडीचा) पितळी शिम पत्रा होता, कधीतरी बेअरिंगसाठी आणलेला. दोन लाकडी फळ्यांत घट्ट धरून कानशीनं गोल केला, नुसत्या कात्रीनं कापला असता तर कड मुडपली असती. जिथे चकती बसते ती बैठकही त्याच काचेच्या तुकड्यावर पेपर लावून हलक्या हातानं साफ केली.

संध्याकाळी नळी लावली. पाणी आतल्या बाजूला ओढलं गेलं, पण जेमतेम एक सेंटीमीटर. टिक टिक टिक असा चकतीचा आवाज स्पष्ट येतो, म्हणजे ती काम करतेय. मग बाकीची ओढ जाते कुठे?

चार तारखेची पावडर आठवली. बाजूच्या झाकणाखालची ती ओल.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल सुट्टीचा दिवस झेंडावंदन आणि ग्रामसभेत गेला. आज मिस्त्री ठरल्याप्रमाणे आले, पाचरी आणि घण घेऊन. नळी दाखवली, फडकं दाखवलं. ते फडकं बघून जे हसले! मग मात्र मांडी घालून बसले आणि दिवसभर कामाला लागले. चाकाला हात लावला नाही.

झाकणाची गॅस्केट, म्हणजे जोडात दाबलेला कागद, कडक होऊन खालच्या बाजूला फाटलेली होती. झाकणाचा जोड चकतीच्या कडेपेक्षा कितीतरी लांब, तिथून हवा आत येत असेल तर शाफ्टपाशी ओढ राहणार कशी? मिस्त्रींचं म्हणणं सिलिकॉन लावा, पाच मिनिटांचं काम. मला ते इथे नको होतं. या इंजिनाला ऑईलचा पंप नाही, कनेक्टिंग रॉडच्या खालची पळी ऑईलमध्ये बुडून ते उडवते आणि त्यावर सगळं चालतं. दाबून बाहेर आलेली सिलिकॉनची लांब शेपटी आत तुटून पडली आणि पळीच्या भोकात अडकली, तर बिग एन्डच्या, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगला ऑईल मिळणार नाही. काका म्हणाले, “मी चाळीस वर्षं लावतोय, काही होत नाही.” मग स्वतःच उठून गॅस्केट पेपर मागितला.

झाकणाच्या कडेला ऑईलचं बोट फिरवून कागदावर छाप घेतला. बोल्टची भोकं तेवढी बॉल पीन हातोडीच्या गोल तोंडानं ठोकून पाडली. कड मात्र कात्रीनं कापली, ठोकून नाही. बीड ठिसूळ असतं, कडेचा टवका उडतो. एका बाजूला शेलॅक, दुसऱ्या बाजूला ग्रीस, म्हणजे पुढच्या वेळी झाकण उघडताना कागद एकाच बाजूला चिकटून राहील. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. जुनी गॅस्केट फाटली तीही खालचे दोन बोल्ट कुणीतरी जीव खाऊन आवळल्यामुळेच. ते कोण, यावर आज चर्चा केली नाही.

इंजिन लावलं. आतल्या बाजूला साडेसहा सेंटीमीटर. मिस्त्रींनी चष्मा पुसून परत बघितलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस धो धो. पहाटे लाईट गेली ती गेलीच. चाचणी आपोआप मिळाली.

सकाळी नऊ ते एक, चार तास भारावर चालवलं. तांदूळ, नाचणी, थोडे गहू. ताटात शेवटी सात थेंब, मोजून. पुठ्ठ्यावर फेकल्याची खूण नाही. पट्टा एकदाही सरकला नाही, आणि राळही लावलेली नव्हती. गरम झाल्यावर नळीवर पुन्हा बघितलं, ओढ साडेपाचवर आली. गरम ऑईल पातळ होतं, फटी जरा मोकळ्या होतात. एवढा फरक पडणारच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आनंदात एक गोष्ट सुटली होती. शाफ्टपाशी आता बाहेरची हवा आत ओढली जाते. आणि ही गिरणी आहे. त्या हवेत पीठ आहे. गळती होती तोवर निदान सगळं बाहेर ढकललं जात होतं. आता पीठ बेअरिंगकडे ओढलं जाणार. आज चाकामागे बॅटरी मारली तर शाफ्टच्या तोंडाशी पिठाची बारीक पांढरी कडी जमलेली.

यावर चाक न उतरवता जे करता येईल ते केलं. जाड नमद्याची पट्टी ऑईलमध्ये भिजवून पिळली, शाफ्टभोवती गुंडाळली, दोन टोकं तिरकी कापून एकमेकांवर बसवली. सरळ कापली तर तिथेच फट राहते. वरून पत्र्याचं दोन तुकड्यांचं कडं करून बेअरिंगच्या घराच्या बोल्टांतच धरलं. नमदा शाफ्टला नुसता टेकला पाहिजे, आवळायचा नाही. आवळला तर तापून करपतो. अर्धा तास चालवून बंद केल्यावर हात लावला, कोमट होता. ओढ तेवढीच.

शिवाय इंजिन आणि जातं यांच्यामध्ये अर्ध्या उंचीपर्यंत ताडपत्री टांगली. पट्ट्याला जायला फट ठेवली, आणि ताडपत्रीची खालची कड जमिनीला दगडांनी दाबली. सुटं कापड फिरत्या चाकाजवळ अजिबात नको. माझा गमछाही आजपासून दाराबाहेरच्या खुंटीला.

ऑईल एकदा बदलून टाकायला हवं होतं, आज तेही केलं. चाळीस नंबर. जुन्या ऑईलच्या तळाशी पिठाचा गाळ दिसला, फार नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. चार दिवस श्वास घ्यायला उसंत नाही. धुऊन सावलीत वाळवलेले तांदूळ घेऊन लोक सकाळी सहापासून दारात. लाईट येऊन जाऊन होती, इंजिन एकूण अकरा तास चाललं असेल. ऑईलची पातळी काडीवर जिथे होती तिथेच, जेमतेम केसभर खाली. ताटातलं मोजायला औषधाचं झाकण काढलं, पण झाकणाचा तळही झाकला नाही.

मुंबईहून आलेला एक चाकरमानी पोरगा आवाज ऐकून आत आला, मोबाईलवर इंजिनाचा व्हिडिओ काढत बसला. त्याला चकतीची टिक टिक ऐकवली. त्याला ती ऐकू येईना, मला मात्र आता दुसरं काही ऐकूच येत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

काल गौरी-गणपती गेले. आज निवांत. ब्रीदर उघडून बघितला, कोरडा आणि स्वच्छ, पितळी चकतीवर बसण्याची गोल चकचकीत खूण उमटलीय. नमद्याची पट्टी बाहेरून पांढरी झालीय, शाफ्टकडून मात्र काळी. म्हणजे पीठ तिथेच अडतंय. दर महिन्याला बदलायची, कॅलेंडरवर लिहिलं.

झाकणाची ओल गेली. चाकामागे एक थेंब लोंबतो, बंद केल्यावर, रात्रीतून पडतो. तो राहू दे.

लेव्हलची नळी गवंड्याला परत दिली. आतला कुंकवाचा रंग काही गेला नाही. भिंतीवरची रेघ तशीच आहे, दिवाळीला चुना काढताना बघू.